गुणगुण, खडखड, धडधड : छोट्या फ्लॅटमधली यंत्रं शांत करण्याच्या नोंदी

कामाचा आवाका: सुमारे ४०० चौरस फुटांचा फ्लॅट. झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच चार इंची भिंत, आणि तिलाच पाठ लावून फ्रिज. यादीत फ्रिज, समोरून उघडणारं ७ किलोचं वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा, छताचा पंखा, मिक्सर आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंप. एकही यंत्र बदलायचं नाही असं ठरवून सुरुवात केली. शेवटी एक बदलावं लागलं.

दिवस १ : मोजमाप आणि पहिली फसगत

रात्री साडेअकराला खिडक्या लावल्या, सगळं बंद केलं आणि एकेक यंत्र चालू करत गेलो. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप वापरलं. फोन उशीच्या जागी, घडी घातलेल्या टॉवेलवर, माइक मोकळा. पुढच्या प्रत्येक वेळी तोच फोन, तीच जागा, तोच टॉवेल. फोनचा आकडा खरा किती, याला फार महत्त्व नाही. कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक मात्र खरा हवा. जागा हातभर हलली तरी आकडा बदलतो (का, ते दिवस ६ च्या नोंदीत).

उशीजवळचे आकडे: सगळं बंद असताना २९, फ्रिज चालू ३१, छताचा पंखा मधल्या वेगावर ४१, वॉशिंग मशीन कपडे पिळताना ५८. स्वयंपाकघरात एक मीटरवरून एक्झॉस्ट ६१, मिक्सर ८६.

या आकड्यांवरून कामाचा क्रम लावला आणि फ्रिज सगळ्यांत शेवटी टाकला. ही चूक. ॲप बहुतेक वेळा ‘ए’ भारांकन लावून आकडा दाखवतं. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो म्हणून हे भारांकन १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करतं. खोली शांत असताना तीच खालची गुणगुण डोक्यात बसते आणि आकड्यात मात्र जेमतेम दोनाने दिसते. ॲपमध्ये स्पेक्ट्रमचा आलेख (कोणत्या सुराचा आवाज किती, ते वेगवेगळं दाखवणारा) उघडल्यावर १०० हर्ट्झवर ४६ डेसिबलचा सरळ सुळका दिसला. रात्रभर चालणारं यंत्र हेच एक आहे, म्हणून फ्रिज यादीत वर आणला. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर हा सुळका १०० वर मिळतो, ६० चा असेल तर १२० वर.

आकड्यांच्या जोडीला आणखी एक रकाना ठेवला: आवाजाचं नाव. तो आकड्यांपेक्षा जास्त कामाला आला. खडखड म्हणजे दोन सैल वस्तू एकमेकींवर आपटताहेत. गुणगुण म्हणजे वीज आणि लोखंड, म्हणजे मोटार किंवा ट्रान्सफॉर्मर. धडधड म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचं वजन एका अंगाला गेलंय. फरफर म्हणजे हवा कुठेतरी अडते आहे. शिट्टी म्हणजे फट किंवा बेअरिंग. टण् म्हणजे नळातलं पाणी. ज्या नावाचा आवाज, त्या नावाचाच उपाय. गुणगुणीवर स्क्रू आवळून आणि खडखडीवर फोम चिकटवून फक्त वेळ जातो.

दिवस २ : फोम, म्हणजे वाया गेलेला दिवस

फ्रिजमागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना ५० मिमी जाडीचा, अंड्याच्या ट्रेसारखा उंचसखल फोम लावला. कापायला आणि चिकटवायला तीन तास. निकाल: उशीजवळ ३१ होते, ३१ च राहिले. १०० हर्ट्झचा सुळका जागचा हलला नाही.

कारण सोपं आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ३.४ मीटर. तिच्यापुढे पाच सेंटिमीटर फोम म्हणजे काहीच नाही. फोम वरचे सूर शोषतो, खोलीतला घुमारा कमी करतो, पण आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. फोममुळे मागची हवा कोंडली. आधी काँप्रेसर साधारण १८ मिनिटं चालून २५ मिनिटं थांबत होता. फोम लावल्यावर ३१ मिनिटं चालून २० मिनिटं थांबू लागला. म्हणजे आवाज तेवढाच, वर जास्त वेळ. संध्याकाळी सगळा फोम खरवडून काढला आणि भिंतीचा रंगही त्याच्याबरोबर निघाला. संपूर्ण कामात सगळ्यांत जास्त पैसे यावर गेले, आणि उपयोग शून्य.

दिवस ३ : फ्रिजची पाठ

आधी प्लग काढला. फ्रिज पुढे ओढला. मागच्या बाजूला खाली काँप्रेसरजवळ हात घालायचा तर अर्धा तास थांबावं, तो चांगलाच तापलेला असतो.

सापडलेल्या गोष्टी, सापडल्या त्या क्रमाने:

काँप्रेसरवरचा पाण्याचा ट्रे एका खाचेतून सुटला होता. हीच ती खडखड. काँप्रेसर चालू होताना आणि बंद पडताना येणारी, मध्ये नाही. ट्रे खाचेत बसवून त्याच्या दोन कडांखाली रबराची पातळ पट्टी घातली. पाच मिनिटांचं काम.

तांब्याच्या दोन नळ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या होत्या. इथे हाताने नळी वाकवायचा मोह होतो. वाकवू नये. नळी जोडाशी चिरते, वायू जातो, आणि घरगुती फ्रिजमध्ये हल्ली सर्रास असणारा आर-६००ए हा वायू ज्वलनशील आहे. दोन नळ्यांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्याने सैलसर बांधला. नळ्यांवर काळ्या डांबरी लगद्याचे गोळे दिसले तर ते घाण समजून काढू नयेत. नळीची थरथर मारण्यासाठी ते कारखान्यातच बसवलेले असतात.

काँप्रेसर चार रबरी बुशांवर बसतो. त्यातल्या एका बुशाचा नट कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत गच्च आवळून ठेवला होता. रबर पूर्ण चेपलं की ते रबर राहत नाही, तो सरळ पत्र्याला जोडलेला खिळा होतो. नट इतका ढिला केला की काँप्रेसर हाताने ढकलल्यावर किंचित डुलतो. चारही बुश सारखे डुलले पाहिजेत.

फ्रिजचा उजवा कोपरा ओट्याच्या कडेला टेकलेला होता, आणि वर स्टीलचे तीन डबे. डबे हलवले. मागे ८ सेंटिमीटर आणि बाजूला ३ सेंटिमीटर जागा सोडली. जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढली.

चार पायांखाली १० मिमी जाडीचे टणक रबराचे तुकडे, प्रत्येकी ६ × ६ सेंटिमीटर. पुढचे पाय मागच्यांपेक्षा अर्धा फेरा उंच, म्हणजे दार आपोआप लागतं.

रात्रीचा निकाल: १०० हर्ट्झचा सुळका ४६ वरून ४०. निम्म्याहून जास्त फरक त्या एका नटामुळे पडला असावा, कारण तो ढिला करून फ्रिज परत चालू केल्यावर पत्रा हाताला लगेच शांत लागला.

शोधण्याची पद्धत म्हणून एवढंच: यंत्र चालू ठेवून तळहाताने एकेक भाग दाबत जावं. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो, तिथे दुखणं आहे. हात पोचत नाही तिथे लांब लाकडी काठीचं एक टोक भागाला, दुसरं कानाच्या पुढच्या हाडाला. फिरणाऱ्या भागांजवळ आणि वायरींजवळ हे करू नये.

दिवस ६ : उरलेली गुणगुण खोलीचीच निघाली

सुळका ४० वर अडकला. दोन दिवस आणखी रबर लावून पाहिलं, काही फरक नाही. मग फोन हातात घेऊन खोलीत फिरलो तेव्हा कळलं: भिंतीपाशी ४०, भिंतीपासून साधारण ८५ सेंटिमीटरवर ३१, खोलीच्या मध्यावर परत ३९.

खोलीची लांबी ३.४ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून उभा राहतो तो ३४३ भागिले लांबीची दुप्पट या वारंवारितेवर, आणि तिच्या पटींवर. ३४३ भागिले ६.८ म्हणजे ५० हर्ट्झ. दुसरी पट १००. फ्रिजचा सूर आणि खोलीचा सूर एकच. अशा वेळी दोन्ही भिंतींपाशी आणि मध्यावर आवाज सर्वांत मोठा, आणि लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर सर्वांत लहान. उशी भिंतीला टेकलेली होती, म्हणजे नेमकी सगळ्यांत वाईट जागी.

पलंग ९० अंशांत फिरवून उशी ८५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात आणली. खर्च काही नाही, वेळ वीस मिनिटं, फरक ९ डेसिबल. याआधीचे दोन दिवस फुकट गेले. हे काम पहिल्या रात्रीच करायला हवं होतं. खोलीची लांबी वेगळी असेल तर वरचाच भागाकार करून पाहावा. फ्रिजचा सूर आणि खोलीचा सूर जवळपास नसतील तर पलंग फिरवून फरक पडणार नाही.

इन्व्हर्टर काँप्रेसरच्या फ्रिजमध्ये वेग बदलत राहतो, त्यामुळे तो दिवसाचा बराचसा वेळ शांत वाटतो आणि एखाद्या ठरावीक वेगाला अचानक घुमतो. दोष फ्रिजमध्ये शोधत बसू नये, आधी फोन घेऊन खोलीत फिरावं.

नवा फ्रिज घेण्याचा विचारही झाला. लेबलवर ३८ डेसिबल लिहिलं होतं. तो आकडा ध्वनिशक्तीचा, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा असतो, कानाशी पोचणाऱ्या दाबाचा नाही. मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवलेल्या यंत्रापासून एक मीटरवर तो सुमारे ८ ने कमी भरतो, छोट्या स्वयंपाकघरात तेवढाही कमी होत नाही. फोनचा आकडा लेबलशी ताडून पाहणं व्यर्थ. दोन फ्रिजची लेबलं एकमेकांशी ताडावीत.

दिवस ८ : वॉशिंग मशीन, पाय आणि वाहतुकीचे बोल्ट

पिळतानाची धडधड. आधी मागच्या पत्र्यावर वाहतुकीचे बोल्ट राहिलेत का ते पाहिलं. मशीन आणताना आतली टाकी हलू नये म्हणून ते लावलेले असतात आणि पहिल्या धुण्याआधी काढायचे असतात. इथे काढलेले होते. कुणाचे राहिलेले असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही. ते काढले की काम झालं. काढलेले बोल्ट टाकून देऊ नयेत, घर बदलताना लागतात.

मग पाय. मशीनच्या वरच्या पत्र्यावर समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून दाबले. तिरप्या रेषेत डुललं: पुढचा डावा पाय हवेत होता. न्हाणीघरालगतच्या फरशीला मोरीकडे उतार असतो. त्या उतारावर एक पाय जवळजवळ पूर्ण बाहेर काढलेला. पाय जितका बाहेर तितका तो काडीसारखा लवतो. त्यात चारही लॉकनट (पाय जागच्या जागी पक्के धरणारे नट) खाली पायाच्या तळाशी फिरवलेले. लॉकनट वर, मशीनच्या पत्र्याला टेकवून आवळायचा असतो, नाहीतर तो नुसता दागिना. स्पिरिट लेव्हल पुढे-मागे आणि डावी-उजवी अशी दोन्ही दिशांनी लावली. दोन तास.

निकाल: ५८ वरून ५३. चाचणीसाठी दर वेळी तेच चार टॉवेल. रिकामी टाकी फसवते, कारण तिचा समतोल चांगलाच असतो. एकटं जाड पायपुसणं टाकलं तर कुठलंही मशीन धडधडतं. तो दोष अर्धा मशीनचा आणि अर्धा धुणाऱ्याचा.

दिवस ९ : रबरी पॅड लावले, आवाज वाढला

फ्रिजखाली चाललेलं रबर इथेही चालेल असं धरून चाललो. चार गोल कंपनरोधक पॅड आणून पायांखाली ठेवले. १००० फेऱ्यांवर पिळायला लावलं आणि मशीन चक्क नाचलं. २० मिनिटांत सहा सेंटिमीटर सरकून नळाची पाइप ताणली गेली. उशीजवळ ६० डेसिबल, म्हणजे सुरुवातीपेक्षाही वाईट.

हिशोब नंतर केला, आधी करायला हवा होता. १००० फेरे प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १६.७ फेरे. मशीन ६४ किलो, म्हणजे पॅडवर प्रत्येकी १६ किलो. व्हर्नियरने मोजलं तर पॅड १.५ मिमी दबला होता. पॅडवरच्या वस्तूचा स्वतःचा झोका साधारण १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ, म्हणजे इथे १३ हर्ट्झच्या आसपास. रबर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा जास्त टणक वागतं, त्यामुळे खरा आकडा १५-१६. म्हणजे मशीनच्या फेऱ्यांच्या जवळजवळ तंतोतंत. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं झालं.

पॅडचा उपयोग सुरू होतो तो फेऱ्यांची वारंवारिता झोक्याच्या १.४ पटींहून जास्त असेल तेव्हा, आणि नीट उपयोग दुपटीपुढे. फ्रिजच्या १०० हर्ट्झला कुठलाही बरा रबराचा तुकडा पुरतो. सतरा-वीस हर्ट्झच्या मशीनला पुरत नाही. दोन्हींना एकच पॅड विकला जातो, हे खरं दुखणं आहे.

तात्पुरता उपाय म्हणून पिळण्याचा वेग १४०० केला. त्यावर सेकंदाला २३ फेरे, आवाज ५४ वर आला. पण तिथे पोचताना मशीन १००० ओलांडूनच जातं आणि दर वेळी पंधरा सेकंद भूकंप होतो. पॅड काढले.

दिवस १५ : दगडी फरशी आणि नऊ मऊ ठोकळे

मधले दिवस साहित्य गोळा करण्यात गेले. जे चाललं ते असं:

६० × ६० सेंटिमीटरची, ३० मिमी जाडीची ग्रॅनाइटची फरशी, वजन सुमारे २९ किलो. कडा घासून घेतलेल्या. तिच्याखाली पोकळ्या असलेल्या मऊ रबराचे ५ × ५ × ५ सेंटिमीटरचे नऊ ठोकळे, तीनच्या तीन ओळींत, कडेचे ठोकळे काठापासून ४ सेंटिमीटर आत. मोरीच्या उतारामुळे खालच्या बाजूच्या तीन ठोकळ्यांखाली २ मिमीच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, कुठे तीन, कुठे चार. लेव्हल फरशीवर लावली, मशीनवर नाही. मग मशीनचे पाय जवळजवळ पूर्ण आत घेऊन फरशीवर ठेवलं. पाय आणि दगड यांमध्ये २ मिमीची घसरणरोधक रबरी चकती.

एकूण ९३ किलोखाली ठोकळे सरासरी ४ मिमी दबले. हिशोबाने झोका ८ हर्ट्झ, हलत्या भाराला साडेनऊ धरू. १००० फेऱ्यांचे १६.७ त्याच्या पावणेदोन पट, १२०० फेऱ्यांचे २० त्याच्या दुपटीहून थोडे जास्त. शिवाय दगडाच्या वजनामुळे मशीन मुळातच कमी हलतं.

उशीजवळ ५८ वरून ४६. १००० ऐवजी १२०० फेऱ्यांवर ४५: वेग जास्त, आवाज कमी.

दोन चुका इथेही झाल्या. पहिल्यांदा ठोकळे सहाच लावले, त्यात ते ९ मिमी दबले. झोका आणखी खाली गेला खरा, पण पिळायला सुरुवात होताना, साधारण दीडशे ते चारशे फेऱ्यांच्या टप्प्यात, मशीन बोटीसारखं डोलत होतं. मऊपणालाही हद्द आहे. दुसरी चूक, फरशी ठेवल्यावर मशीन तीन इंच वर गेलं आणि सांडपाण्याची पाइप तोकडी पडली. लांब पाइप आणायला आणखी एक दिवस.

मजल्यावरचा भार वाढतो, तेव्हा मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावं. लाकडी मजला असेल तर हा उपाय करू नये.

दिवस १७ : टण्

मशीन पाणी घेणं थांबवताना भिंतीत टण् आवाज येत होता. विजेवर चालणारा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो, वाहतं पाणी आपटतं आणि पाइप भिंतीवर आदळतो. नळ पूर्ण उघडा होता; तो पाऊण बंद केला. पाणी भरायला दीड मिनिट जास्त लागतं, आवाज गेला. उघड्या पाइपला दोन जागी रबर लावलेले क्लॅम्प मारले. एवढ्यावर भागलं नसतं तर धक्का झेलणारी छोटी कुपी नळाला लावावी लागली असती.

दिवस २० ते २३ : एक्झॉस्ट

२२५ मिमीचा पंखा, मिनिटाला सुमारे १३५० फेरे, खिडकीतल्या ४ मिमी ॲक्रिलिकच्या शीटवर बसवलेला. ती शीट म्हणजे ढोलकीचं कातडं. तळहात ठेवल्याबरोबर आवाज निम्मा.

पाती काढून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुतली. एका पात्यावर तेलकट थर बाकीच्यांपेक्षा जाड होता, तीच धडधड. पाती साफ करून फरक ३ डेसिबल. ॲक्रिलिकच्या जागी १२ मिमी प्लायवूड, कडांना रंग देऊन. पंख्याच्या चौकटीच्या चारही बोल्टना दोन्ही बाजूंनी रबरी वायसर, आणि बोल्ट फक्त हाताला घट्ट लागतील इतकेच आवळले. आणखी ४. एकूण ६१ वरून ५४.

उरलेला आवाज हवेचा. पंख्याचा वेग कमी केला तर हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण आवाज फार वेगाने उतरतो: वेग २० टक्के कमी, आवाज जवळपास ५ डेसिबल कमी. तेवढ्या हवेवर भागत नव्हतं, म्हणून इथे नियम मोडला आणि ३०० मिमीचा पंखा घेतला. पहिल्या दिवशी तो ९०० फेऱ्यांवर पूर्ण वेगाने चालवला आणि निराशा झाली, आवाज जुन्याएवढाच. मोठ्या पात्यांनी जे वाढवलं ते कमी वेगाने फेडलं, हवा मात्र दीडपट. मग रेग्युलेटर लावून ७०० पर्यंत उतरवला. आवाज ४९, हवा जुन्या पंख्यापेक्षा थोडी जास्तच. मोठा पंखा आणून पूर्ण वेगाने चालवायचा असेल तर आणूच नये. ज्या मोटारीला रेग्युलेटर चालतो तीच घ्यावी. पत्रकात ते लिहिलेलं असतं.

६०० च्या खाली गेलो तर बाहेरच्या वाऱ्याने पंखा उलटी हवा आत ढकलू लागला. ७०० वर थांबलो.

आणि दार-खिडक्या सगळ्या बंद करून एक्झॉस्ट लावू नये. हवा यायला वाट नसली की पाती हवेशी झगडतात आणि फरफर वाढते. दुसऱ्या टोकाची खिडकी दोन बोटं उघडल्यावर आणखी २ डेसिबल उतरले. फुकटात.

दिवस २५ : छताचा पंखा

मधल्या वेगावर गुणगुण, पूर्ण वेगावर नाही. हे लक्षण मोटारीचं नाही, रेग्युलेटरचं आहे. गोल फिरणारे, सलग वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीजलहरीचे तुकडे करतात आणि मोटार त्या तुकड्यांवर गुणगुणते. मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून, कपॅसिटरवर चालणारा पायरीचा रेग्युलेटर बसवला. गुणगुण संपूर्ण गेली, ४१ वरून ३६. सगळ्या कामांत पैशाच्या मानाने सर्वांत फायद्याचं हे. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा असेल तर भिंतीवरचा रेग्युलेटर वायरिंगमधून बाहेरच काढावा, तो त्याच्यासाठी नसतो.

शिडी लावलीच होती म्हणून पात्यांचे स्क्रू, दांड्याचा बोल्ट आणि तो निसटू नये म्हणून त्यात घातलेली दोन पायांची पिन (स्प्लिट पिन) तपासली. हुकावरचा रबरी बुश चिरला होता, बदलला. पिन नसलेला पंखा चालवू नये, आवाज असो वा नसो.

दिवस २६ : मिक्सर आणि पंप, थोडक्यात

मिक्सर ओट्याच्या मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे, खाली १५ मिमी रबर. दगडी ओट्यातून शेजारच्या भिंतीत जाणारी धडधड गेली, पण हवेतून येणारा आवाज ८६ चा ८४ झाला, एवढंच. त्याची मोटार मिनिटाला हजारो फेरे करते, तिला गप्प करता येत नाही. वरून झाकायला खोका करून पाहिला. तीन मिनिटांत मोटारीला जळका वास. खोका फेकला. तळाचा जोड झिजलेला होता, तो बदलल्यावर कर्कशपणा कमी झाला.

पाणी शुद्धीकरणाचा पंप भिंतीतल्या दोन स्क्रूंवर लटकत होता आणि भिंत पलीकडच्या खोलीत गुणगुणत होती. स्क्रू आणि यंत्र यांमध्ये रबरी वायसर, यंत्राच्या पाठीला खाली दोन रबरी टिकल्या, ताठ नळ्यांना एकेक सैल वळसा. अर्धा तास, ६ डेसिबल.

दिवस २९ : दाराची फट

भिंतीतून येणारं कमी झाल्यावर दाराखालून येणारं ऐकू यायला लागलं. दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का फट असली तरी दार कितीही जाड असो, २० डेसिबलपलीकडे अडवू शकत नाही. खाली १२ मिमी फट होती. ब्रशची पट्टी लावली, उपयोग नाही. केसांमधून आवाज आरपार जातो. ती काढून रबरी पात्याची पट्टी लावली, पाते फरशीला हलकंसं घासेल इतकी खाली. चौकटीला आतून फोमची चिकटपट्टी. फोमचा या घरात झालेला हा एकमेव उपयोग.

दिवस ४७ : परत तपासणी

उशीजवळ रात्री फ्रिज चालू असताना २९, म्हणजे बंद असल्याएवढेच. सुळका ३१ वर टिकून. वॉशिंग मशीन ४६ वरून ४९ वर चढलेलं. दोन लॉकनट ढिले झाले होते आणि एका कोपऱ्यातला ठोकळा इतरांपेक्षा १ मिमी जास्त चेपला होता. नट आवळले, ठोकळ्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या दोन चकत्या घातल्या, परत ४६. रबर पहिल्या महिन्यात बसतं, तेव्हा ही तपासणी टाळू नये. मशीनच्या बाजूला पेन्सिलने दगडावर पायांभोवती रेघा काढून ठेवल्यात. सरकलं तर लगेच दिसेल.

फ्रिजच्या आतल्या पंख्याची बारीक शिट्टी अजून आहे. मागचं पॅनल उघडण्याआधी सगळा बर्फ वितळू द्यावा लागतो आणि गार असताना प्लॅस्टिकच्या खुंट्या हमखास तुटतात. फ्रिज पूर्ण रिकामा होईल त्या दिवशी ते काम.